कुत्रं नको म्हणणारी माणसं श्वानप्रेमी कशी होतात?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दल अकरा दिवसांच्या अंतराने दोन आदेश दिले. ११ तारखेला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि आसपासची कुत्री उचलून निवारागृहांत ठेवायला सांगितलं. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्यात बदल केला: नसबंदी आणि लस झाली की कुत्री होती तिथेच परत सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी मात्र सोडू नका, आणि खाऊ घालायचं तर ठरवून दिलेल्या जागीच. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवायचा आणि तिथे परत न सोडायचा आदेश आला.

प्रकरण दिल्लीत सुरू झालं, पण भांडण नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंतच्या सोसायट्यांत पोहोचलं. ग्रुपवर एकाने पोटरीवरच्या दातांच्या खुणांचा फोटो टाकायचा, दुसऱ्याने त्याच कुत्र्याचा पिल्लांसोबतचा फोटो टाकायचा, आणि सेक्रेटरीने दोघांना रविवारच्या मीटिंगला बोलवायचं. त्या मीटिंगमध्ये एक प्रश्न हमखास, आणि तोही चिडून विचारला जातो: "या लोकांना झालंय तरी काय?" कालपरवापर्यंत चारचौघांसारखा असलेला निवृत्त माणूस रात्री साडेदहाला भात आणि कोंबडीचे पाय शिजवून पातेलं घेऊन खाली उतरतो, तो का?

मी कुत्र्यांच्या मागे फिरणाऱ्यांपैकी नाही. सातपूरची रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या सायकलवाल्याच्या मागे चार कुत्री लागतात तेव्हा माझा जीव सायकलवाल्यासाठी तुटतो. तरीही वरचा प्रश्न टोमणा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्याचं उत्तर कळलं तर निम्मं भांडण कशावरून चाललंय ते समजतं.

आधी माया की आधी पोळी?

ज्याला कुत्र्यांबद्दल प्रेम असतं तो त्यांना खाऊ घालतो, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा क्रम नेमका उलटा असतो.

ज्योतिषाने सांगितलेला उपाय घ्या. साडेसाती आहे, शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घाला. माणूस स्वतःच्या ग्रहदशेसाठी खाली उतरतो. पहिल्या शनिवारी पोळी लांबूनच फेकतो आणि हात धुतो. महिन्याभराने कुत्रं त्याच्या वेळेला गेटपाशी येऊन बसायला लागतं. मग एखाद्या शनिवारी ते दिसत नाही, आणि हाच माणूस वॉचमनला विचारतो, "अरे, ते काळं कुठं गेलं?" साडेसाती संपते, पोळी चालूच राहते. घरात पिल्लू आणायला सगळ्यांत जास्त विरोध करणाऱ्या बाबांचंही असंच होतं. मुलगा पुण्याला शिकायला जातो, मुलगी क्लासला जाते, आणि पहाटे सहाला पट्टा हातात घेऊन गोदाकाठाने चालणं बाबांच्या वाट्याला येतं. वर्षभरात त्या कुत्र्याला घरात सगळ्यांत जास्त लाडावून ठेवलेलं असतं ते त्यांनीच.

मानसशास्त्रात यावर एक जुना, मजेशीर प्रयोग आहे. १९६९ साली जॉन जेकर आणि डेव्हिड लँडी यांनी काही लोकांना एका स्पर्धेत थोडे पैसे जिंकू दिले. नंतर त्यांच्यातल्या काहींना संशोधकाने स्वतः गाठून विनंती केली की हे पैसे माझ्या खिशातले आहेत, ते संपत आलेत, परत द्याल का? काहींकडे हीच मागणी विभागाच्या सेक्रेटरीने केली, काहींकडे कोणीच केली नाही. शेवटी संशोधक कसा वाटला असं विचारल्यावर सर्वांत चांगलं मत कोणाचं निघालं? ज्यांनी त्याच्यावर स्वतः उपकार केले होते त्यांचं.

म्हणजे ज्याने आपलं भलं केलं तो आवडतोच, पण ज्याचं आपण भलं केलं तोही आवडायला लागतो. आपण एखाद्यासाठी वेळ, पैसा, झोप खर्च केली की मन त्याचं कारण शोधतं, आणि सोयीचं कारण हेच असतं की तो तेवढ्या योग्यतेचा आहे. त्यात सहवासाची भर पडते. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं की अर्थहीन शब्द, अनोळखी लिपीतली अक्षरं, परक्या माणसांचे फोटो, काहीही पुन्हा पुन्हा नजरेखालून गेलं की ते थोडं जास्त आवडू लागतं. रोज जिन्याखाली दिसणाऱ्या कुत्र्याला हा फायदा फुकटात मिळतो.

भाद्रपद आणि नाशिकची थंडी

आता सुरुवात कुठे होते ते पाहू. भारतातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा मीलनाचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या शेवटाला असतो. आपल्याकडे भाद्रपद आणि कुत्री यांची जोडी शिवीगाळीतसुद्धा आहे, ती उगाच नाही. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. हिशेब करा, पिल्लं येतात ती कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे निफाडचा पारा बातम्यांत झळकायला लागतो त्या सुमाराला.

बांधकामाच्या वाळूत, बंद पडलेल्या टपरीखाली पाच-सहा पिल्लं कुडकुडत असतात. कोणीतरी गोणपाट टाकतं, कोणीतरी खोकं आणून ठेवतं, कॉलनीतली पोरं घरातलं दूध पळवतात. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी श्वानप्रेमींची गोष्ट अशाच एखाद्या खोक्यापासून सुरू होते.

पिल्लू गोड दिसतं यालाही कारण आहे. मोठं डोकं, मोठे डोळे, गुबरे गाल, आखूड हातपाय ही बाळाची चेहरेपट्टी दिसली की मोठ्या माणसात सांभाळण्याची ओढ जागी होते, हे कॉनराड लॉरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या क्लाइव्ह विन यांच्या गटाने लोकांना वेगवेगळ्या वयांच्या पिल्लांचे फोटो दाखवले. लोकांना पिल्लं सर्वांत गोड वाटली ती साधारण सहा ते आठ आठवड्यांची. नेमकं याच सुमाराला आई दूध तोडते आणि पिल्लू स्वतःच्या नशिबावर सुटतं. दुसऱ्याने सांभाळण्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ते सर्वांत मोहक दिसतं.

त्या वयात सांभाळणारं कोणी भेटलं नाही तर काय होतं, तेही मोजलेलं आहे. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. त्यांच्या २०१६ च्या अभ्यासात सात महिन्यांपर्यंत जगलेली पिल्लं सुमारे १९ टक्केच होती. जी गेली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मृत्यूंमागे माणूस होता, गाडीखाली येणं धरून. पाचांतलं एक जगतं, आणि ज्याने खोकं ठेवलेलं असतं त्याला ते आपल्यामुळे जगलं असं वाटतं. ते बऱ्याचदा खरंही असतं.

डोळ्यांतलं रसायन

इथे एकच शास्त्रीय शब्द लागेल: ऑक्सिटोसिन. हे मेंदूत तयार होणारं संप्रेरक, म्हणजे शरीराला निरोप पोहोचवणारं रसायन. बाळंतपणात आणि बाळाला अंगावर पाजताना ते वाढतं आणि आई-बाळाची ओढ घट्ट होण्यात त्याचा वाटा असतो.

२०१५ मध्ये जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी कुत्री आणि त्यांचे मालक यांना अर्धा तास एका खोलीत ठेवलं आणि आधी-नंतर दोघांच्याही लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. ज्या जोड्या एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ पाहत होत्या, त्यांच्यात ते दोन्हीकडे वाढलं. माणसांनी लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांबरोबर असं घडलं नाही. दुसऱ्या टप्प्यात कुत्र्यांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा दिला. त्यानंतर माद्या मालकाकडे जास्त वेळ पाहत राहिल्या, आणि ज्या मालकांना काहीच दिलं नव्हतं त्यांचंही ऑक्सिटोसिन वाढलं. नर कुत्र्यांत हा परिणाम दिसला नाही. प्रयोग छोटा होता, त्यामुळे 'विज्ञानाने प्रेम सिद्ध केलं' असल्या मथळ्यांपासून चार हात लांब राहिलेलं बरं. पण बाळ आणि आई यांच्यात चालणारी देवघेव एका परक्या प्राण्याला साधली, ही साधी गोष्ट नाही.

ती साधायला त्याला वेळही भरपूर मिळाला. कुत्रं माणसाबरोबर निदान १५,००० वर्षं आहे. जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल इथे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या थडग्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एक पिल्लू सापडलं. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून ते आजारी होतं आणि कोणीतरी काळजी घेतल्याशिवाय तेवढे दिवस जगलं नसतं, असा अंदाज संशोधकांनी बांधला. शिकारीला उपयोगी पडणार नाही अशा पिल्लाची शुश्रूषा करणारं माणूस म्हणजे त्या काळातलं आपल्या सोसायटीचंच कोणीतरी.

या सहवासात कुत्र्याचा चेहराही बदलला. भुवईची आतली बाजू वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांत व्यवस्थित असतो आणि लांडग्यांत जेमतेम काही तंतूंपुरता, हे ज्युलियन कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं. तो उचलला की डोळे मोठे आणि केविलवाणे दिसतात. मिसळीच्या दुकानाबाहेर शेवटचा पाव खाताना तुमच्याकडे असं पाहिलं गेलं असेल तर पाव कुठे गेला हे सांगायची गरज नाही.

मग हे जन्मतःच असतं का?

काही अंशी. स्वीडनमध्ये प्रत्येक कुत्र्याची सरकारी नोंद बंधनकारक आहे आणि जुळ्यांचीही मोठी नोंदवही आहे. तिथल्या उप्साला विद्यापीठातल्या तोव्ह फॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये ३५,०३५ जुळ्या जोड्यांची माहिती पडताळली. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाकडे कुत्रं असेल तर दुसऱ्याकडेही असण्याची शक्यता बिनसारख्या जुळ्यांपेक्षा जास्त निघाली. त्यावरून काढलेला अनुवंशाचा वाटा स्त्रियांत ५७ टक्के आणि पुरुषांत ५१ टक्के.

हा आकडा फार चुकीचा वाचला जातो. तुमच्या प्रेमातला अर्धा भाग आई-वडिलांकडून आला, असा त्याचा अर्थ नाही. स्वीडनमधल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला निम्म्याच्या आसपास फरक जनुकांशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. शिवाय त्यांनी मोजलं ते कुत्रं पाळणं. आपल्याकडच्यासारखं गल्लीतलं, नाव असलेलं पण पट्टा नसलेलं कुत्रं तिथल्या नोंदवहीत बसत नाही.

दह्याचं पाहा. दूध घट्ट असावं लागतं, ते घरचं. विरजण लागतं, ते बहुधा शेजारून येतं. आणि ऊब लागते, नाहीतर डिसेंबरात रात्रभर ठेवूनही सकाळी पातेल्यात दूधच असतं. जनुकं हे दूध. प्रत्यक्षात भेटलेलं एखादं कुत्रं हे विरजण. आणि ऊब म्हणजे आजूबाजूची माणसं त्याला हाकलतात की जागा देतात ते. यातलं काहीही एक कमी पडलं तर दही लागत नाही, आणि त्यात दुधाचा दोष असेलच असं नाही. दिंडोरी-निफाडच्या मळ्यात वाढलेल्या पोराला ही ऊब आपसूक मिळते, कारण वस्तीवर राखणीला कुत्रं असतंच. बिबट्या आधी त्याच्यावर झडप घालतो, हेही त्या पोराला माहीत असतं. चौथ्या मजल्यावर वाढलेल्या मुलाची पहिली ओळखच 'हात लावू नको, चावेल' अशी होते.

"त्याला तुमचं प्रेम कळत नाही, बिस्कीट कळतं"

हा आक्षेप रोखठोक आहे आणि अर्धवट खरा आहे. पारले-जीच्या पुड्याचा आवाज गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याला ओळखू येतो. पण भद्र यांच्याच गटाने २०१७ मध्ये हे रस्त्यावरच्या कुत्र्यांवर तपासून पाहिलं. काही कुत्र्यांना अनोळखी माणसाने वारंवार खायला दिलं, काहींना वारंवार नुसतं थोपटलं. दीर्घकाळात माणसावरचा विश्वास जास्त वाढला तो थोपटलेल्यांचा. ज्यांना भेटणारे बहुतेक हात दगड उचलण्यासाठी वाकतात, त्यांच्यासाठी एक न मारणारा हात खाण्यापेक्षा दुर्मीळ असावा, असं मला यातून वाटतं.

"माणसं उपाशी असताना कुत्र्यांचे लाड?"

हाच सवाल दागिन्यांच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्याला कोणी विचारत नाही. माया रेशनच्या धान्यासारखी एकाला दिली की दुसऱ्याची कमी होत नाही. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला लहानपणी सांगितले गेले, दत्ताच्या पायाशी चार कुत्री रोज दिसतात, खंडोबाबरोबर कुत्रं असतं. आदर कॅलेंडरवर आहे, जिन्यात नाही.

आक्षेपात तथ्य असलेली एक बाजू मात्र आहे. काही माणसं कुत्र्यांकडे वळतात कारण माणसं लांब गेलेली असतात. मुलं हिंजवडीला किंवा परदेशात, घरात दोघं किंवा एकटंच, फोन रविवारी. अशा घरात कुत्रं दिवसाला वेळापत्रक देतं. ते घेऊन खाली उतरलं की चार ओळखीही होतात, भले लोक तुम्हाला 'शेरूचे बाबा' म्हणूनच ओळखोत. बोस्टनमध्ये २०१४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात मूल आणि कुत्रं दोन्ही असलेल्या स्त्रियांना दोघांचेही फोटो दाखवून मेंदूची छायाचित्रं घेतली. भावना आणि बक्षिसाशी संबंधित काही भाग दोन्ही वेळी जागे झाले, पण आसक्तीशी जोडलेला मेंदूतला एक खोल भाग फक्त स्वतःच्या मुलाच्या फोटोला जागा झाला. साम्य बरंच आहे, पण कुत्र्याने मुलाची जागा घेतलेली नाही.

"आमचा काही करत नाही हो"

खरी अडचण या वाक्यात आहे. ते बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याला रोज हलणारी शेपटीच दिसते. कुत्रं माणसं ओळखतं, आणि ज्या जागी रोज खाणं मिळतं ती जागा स्वतःची मानून राखतं. गेटवर खाऊ घातलं की गेट त्याची हद्द होते. मग रात्री अकराला पार्सल घेऊन आलेला मुलगा त्याच्या लेखी घुसखोर ठरतो. खाऊ घालणाऱ्याने शेपटी पाहिली, पार्सलवाल्याने दात पाहिले, आणि दोघे एकाच कुत्र्याबद्दल बोलत असतात.

ज्या यंत्रणेने माया तयार होते, तिनेच भीतीही तयार होते, फक्त खूप वेगाने. माया बसायला महिने लागतात. एक चावा दहा सेकंदांत आयुष्यभराचं काम करतो. झायन्सच्या सहवासाच्या नियमालाही इथे मर्यादा पडते: पहिलीच भेट वाईट असेल तर पुन्हा पुन्हा दिसण्याने नावड कमी होत नाही, उलट घट्ट होऊ शकते. म्हणून घाबरलेल्या माणसाला 'घाबरू नका' सांगणं निरुपयोगी आहे, आणि त्याला क्रूर म्हणणं अन्यायाचं.

ही भीती निराधारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणं कुत्र्यांमुळे होतात, आणि संशयित प्राण्याने चावलेल्यांत सुमारे ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना-मिरची काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सिव्हिल किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्यायचं. पुढचे डोस चुकवायचे नाहीत.

खाऊ घालणाऱ्यांसाठी नियमही आहे, तो दोन्ही बाजूंच्या बहुतेकांनी वाचलेला नसतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार सोसायटीने कुत्र्यांना खायला घालायची जागा ठरवून द्यायची आहे: मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, येण्या-जाण्याच्या दारांपासून आणि जिन्यांपासून दूर, आणि वेळ मुलं-म्हाताऱ्यांची वर्दळ नसतानाची. खाऊ घालण्यावर सरसकट बंदीही नाही आणि वाटेल तिथे घालायची मुभाही नाही. गेटवरचं पातेलं सोसायटीच्या मागच्या भिंतीकडे नेलं तर हद्दही तिकडे सरकते.

खाऊ घालणाऱ्याच्या हातात काय असतं

नुसती कुत्री उचलून नेली तर रिकाम्या जागेत शेजारची येतात, कचरा आणि खाणं तिथेच असल्यामुळे. म्हणून नसबंदी करून त्याच जागी सोडायची पद्धत आहे, आणि त्यासोबत लस. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिंहस्थ जवळ येतोय, रामकुंड आणि तपोवनात गर्दी लोटेल तेव्हा या आकड्याला आणखी वजन येईल.

पण जाळी घेऊन आलेल्या गाडीचा वास आला की गल्लीतलं हुशार कुत्रं पसार होतं. ते न पळता येतं एकाच माणसाकडे, जो रोज रात्री पातेलं घेऊन उतरतो. कोणती मादी कुठे झोपते, कोणाच्या कानाला नसबंदीची खाच आहे आणि कोणाच्या नाही, कोण नवीन आलंय, हे त्यालाच माहीत असतं. सोसायटीने त्याला मीटिंगमध्ये आरोपी म्हणून बोलावण्याऐवजी ही यादी करायला सांगावं, आणि त्यानेही नुसतं खाऊ घालून मोकळं होऊ नये, अशी माझी दोघांकडूनही अपेक्षा आहे.

त्यात मुहूर्तही पाहावा लागतो. मार्गशीर्षात खोक्यात वाढलेली मादी पिल्लं भाद्रपदापर्यंत नऊ-दहा महिन्यांची होतात, म्हणजे स्वतः व्यायला तयार. नसबंदीच्या गाडीला फोन करायचा तो पावसाळा लागायच्या आधी, वैशाख-ज्येष्ठात. गणपती बसल्यावर केलेल्या फोनचा उपयोग त्या वर्षीच्या पिल्लांसाठी झालेला नसतो.